मेंदूचा नकाशा: बारीक दिसणं आणि शाबूत राहणं

मेंदूतल्या चेतापेशींची जोडणी क्ष-किरणांनी टिपता येईल का, आणि येत असेल तर त्या कामावर सार्वजनिक पैसा लावावा का, यावर गेल्या काही वर्षांत बरंच बोललं गेलं आहे. बोलणाऱ्यांचे दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे दिवस भरले. आता उंदराचा अख्खा मेंदू, मग माणसाचा, आणि मग त्या नकाशावरून यंत्रात चालणारं मन. दुसरा तट म्हणतो, क्ष-किरणांची चित्रं इलेक्ट्रॉनांच्या चित्रांपुढे धूसर असतात. शिवाय ३०२ चेतापेशींच्या एका कृमीचा नकाशा १९८६ पासून हाताशी असूनही त्या कृमीचं वागणं आपल्याला पुरतं उलगडलेलं नाही, मग हा खटाटोप कशासाठी? दोघंही तावातावाने भांडतात, पण बहुतेक वेळा भांडण येऊन थांबतं ते एकाच आकड्यापाशी: किती नॅनोमीटरपर्यंत (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) दिसतं?

माझं म्हणणं असं की या आकड्यावरून हा प्रश्न सुटणार नाही. क्ष-किरणांचं मोल ते किती बारीक दाखवतात यात आहेच, पण त्याहून कितीतरी जास्त ते ऊतीचा तुकडा न कापता दाखवतात यात आहे. पाहून झाल्यावरही शाबूत राहिलेल्या तुकड्याला पुन्हा नवा प्रश्न विचारता येतो. तो दुसऱ्या यंत्राखाली ठेवता येतो. एका मेंदूऐवजी अनेक मेंदू तपासण्याची वाट त्यातून मोकळी होते. म्हणून या कामाला सार्वजनिक पैसा मिळायला हवा, आणि तो भरघोस मिळायला हवा. फक्त तो मन यंत्रात उतरवण्याच्या किंवा अल्झायमर लवकरच बरा करण्याच्या आश्वासनावर मागता कामा नये.

पुढे जाण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. इथे रुग्णालयातल्या सीटी स्कॅनबद्दल बोलणं चाललेलं नाही. जिवंत माणसाच्या डोक्यात इतक्या बारकाईने क्ष-किरणांनी पाहता येणार नाही, कारण त्यासाठी लागणारी किरणांची मात्रा कोणत्याही जिवंत पेशीला मारून टाकेल. पाहिली जाते ती मेलेली ऊती: ऑस्मियम, शिसं, युरेनियम अशा जड धातूंच्या संयुगांनी रंगवलेली आणि राळेत गोठवून टणक केलेली. ज्यांना ‘आपल्या मेंदूतले विचार सरकार क्ष-किरणांनी वाचेल’ अशी भीती वाटते, त्यांनी निश्चिंत असावं. या तंत्राचा त्या भीतीशी काहीही संबंध नाही.

आता सध्याचा राजमार्ग पाहू. जोडणीचा नकाशा म्हणजे कोणत्या पेशीचा कोणता धागा कोणत्या पेशीला कुठे सिनॅप्सने, म्हणजे एका पेशीचा संदेश दुसरीला पोहोचवणाऱ्या सांध्याने, भिडतो, त्याची संपूर्ण नोंद. सिनॅप्समधली फट साधारण २० नॅनोमीटर रुंद असते, सर्वांत बारीक धागे १०० नॅनोमीटरहूनही बारीक असतात, आणि साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला एरवी दोनएकशे नॅनोमीटरच्या खाली नीट दिसत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनांकडे जावं लागलं. पण इलेक्ट्रॉन ऊतीत काहीशे नॅनोमीटरपेक्षा खोल शिरत नाहीत. मग एकच उपाय उरतो: ऊतीचे अतिपातळ काप घ्यायचे, एकेका कापाचं चित्र काढायचं, आणि ती चित्रं संगणकावर पुन्हा एकावर एक रचायची. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या मायक्रॉन्स प्रकल्पात उंदराच्या दृष्टिकेंद्राचा जेमतेम एक घन मिलिमीटर तुकडा सुमारे २८,००० कापांत चिरला गेला. त्यात दोन लाखांहून अधिक पेशी आणि ५२ कोटींहून अधिक सिनॅप्स सापडले. त्याआधी २०२४ मध्ये हार्वर्ड आणि गूगलच्या गटाने माणसाच्या मेंदूच्या बाह्यकाचा (बाहेरच्या थराचा) तेवढाच तुकडा पाच हजारांहून जास्त कापांतून जोडून दाखवला. ती नुसती चित्रंच १.४ पेटाबाइट, म्हणजे १४ लाख गिगाबाइट भरली.

ही कामं थोर आहेत. पण त्यांचा हिशेब मांडून पाहा. उंदराचा मेंदू सुमारे ५०० घन मिलिमीटरचा. त्याच्या कापांची संख्या, प्रत्येक काप धुळीशिवाय, घडीशिवाय, फाटल्याशिवाय उचलण्याची जोखीम, आणि मधले काही काप गेलेच तर तिथून जाणाऱ्या हजारो धाग्यांचं काय, हे प्रश्न आकाराबरोबर वाढत जातात. मायक्रॉन्समध्येसुद्धा काही काप हातचे गेले. आणि काप एकदा घेतला की घेतला. उद्या कुणाला त्याच तुकड्याकडे दुसऱ्या कोनातून पाहायचं असेल, वेगळ्या जाडीने पाहायचं असेल, तर तो तुकडा जगात उरलेला नसतो. उरलेली असतात ती आपण काढून ठेवलेली चित्रं, म्हणजे आपण त्या वेळी विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं.

क्ष-किरणांची गोष्ट वेगळी आहे. ते मिलिमीटरभर ऊतीतून आरपार जातात. त्यांची तरंगलांबी नॅनोमीटरच्या दशांशाएवढी किंवा त्याहून कमी, त्यामुळे तत्त्वतः बारीक दिसण्याला तिकडून अडचण नाही. अडचण दोन ठिकाणी होती. एक, क्ष-किरणांना वळवणारी चांगली भिंगं करणं अतिशय अवघड. दोन, मऊ ऊती क्ष-किरणांना फारसं अडवतच नाही, मग चित्रात उठाव कुठून यायचा? दुसऱ्या अडचणीवर उत्तर निघालं ते असं की किरण किती शोषले गेले हे पाहण्याऐवजी ऊतीतून जाताना त्यांच्या तरंगांची लय किती मागेपुढे झाली हे मोजायचं. पहिल्या अडचणीवर उत्तर त्याहून धाडसी होतं: भिंगाचं काम गणिताने करायचं. नमुन्यावर किरणांचा छोटासा ठिपका पाडायचा, तो थोडा थोडा सरकवत जायचा, दर वेळी पलीकडे पडणारा विखुरलेल्या किरणांचा नक्षीपट नोंदवायचा. शेजारशेजारचे ठिपके एकमेकांवर थोडे चढलेले असल्यामुळे त्या सगळ्या पटांशी एकाच वेळी जुळणारं चित्र संगणकाला शोधून काढता येतं. या पद्धतीला टायकोग्राफी म्हणतात. तिची मूळ कल्पना वॉल्टर हॉपे यांनी १९६९ मध्ये इलेक्ट्रॉनांसाठी मांडली होती. ती क्ष-किरणांच्या हाती पडायला संगणक आणि सिंक्रोट्रॉन, दोघांनाही मोठं व्हावं लागलं.

सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवत ठेवणारं प्रचंड कडं. वळणावर ते इलेक्ट्रॉन क्ष-किरणांचा प्रखर, शिस्तबद्ध झोत फेकतात. फ्रान्समधल्या ग्रनोबलचं कडं ८४४ मीटर परिघाचं आहे आणि २०२० मध्ये ते नव्या बांधणीसह पुन्हा सुरू झालं. त्याच वर्षी तिथल्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी क्ष-किरणांच्या होलोग्राफीने, म्हणजे तरंगांची लय टिपून चित्र उभं करण्याच्या पद्धतीने, फळमाशीच्या आणि उंदराच्या चेताऊतीतल्या पेशींचे धागे १०० नॅनोमीटरच्या आतल्या स्पष्टतेने शोधून दाखवले. २०२५ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटने आणि स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. उंदराच्या मेंदूची ऊती किरणांना दाद न देणाऱ्या खास राळेत बसवून, अतिशीत तापमानात ठेवून, त्यांनी टायकोग्राफीने ४० नॅनोमीटरच्या आत पाहिलं, आणि एकही काप न घेता सिनॅप्स ओळखता आले. नमुना अगदी लहान होता, घन मिलिमीटरचा क्षुल्लक अंश. तरीही एक दार उघडलं.

आणि इथूनच वाद बिघडला. ४० नॅनोमीटर हा आकडा जाहीर होताच एका बाजूने जल्लोष झाला आणि दुसऱ्या बाजूने ‘इलेक्ट्रॉनला तर चार नॅनोमीटर दिसतं’ असं उत्तर आलं. हे उत्तर खरं आहे, आणि त्याच्या मागचा भौतिकीचा नियम आणखी कठोर आहे. बारकावा दुप्पट हवा असेल तर किरणांची मात्रा दुप्पट करून भागत नाही. ती साधारण सोळापट करावी लागते. चौपट बारकाव्यासाठी २५६ पट. इतक्या माऱ्यात राळ आकसते, वितळते, बुडबुडे धरते, आणि चित्र काढता काढता नमुनाच हलतो. म्हणजे ‘न कापता’ म्हणजे ‘न दुखावता’ असा अर्थ मी लावला तर ती वाचकाची फसवणूक होईल. जितकं बारीक पाहायला जाल तितकं नुकसान वाढणार. नवी राळ ही सीमा मागे ढकलते, पुसून टाकत नाही. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांइतकं बारीक कधीच दाखवणार नाहीत असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

पण वैद्यकाच्या इतिहासात हाच वाद एकदा होऊन गेला आहे, आणि त्याचा निकाल काय लागला तो पाहा. १९१९ पासून पुढे अर्धं शतक जिवंत माणसाच्या मेंदूत पाहण्यासाठी पाठीच्या कण्यातून द्रव काढून त्या जागी हवा भरायची आणि मग क्ष-किरण चित्र घ्यायचं, अशी पद्धत होती. रुग्णाला असह्य डोकेदुखी, उलट्या व्हायच्या, पण मेंदूच्या पोकळ्यांची कडा ठसठशीत दिसायची. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हौन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं. ते ८० गुणिले ८० ठिपक्यांचं होतं. त्यावेळच्या साध्या क्ष-किरण फिल्मचा बारकावा त्याच्या कैक पटींनी जास्त होता. फक्त ठिपके मोजले असते तर सीटी स्कॅनला हसून घरी पाठवावं लागलं असतं. पण त्या भरड चित्रात मेंदूचा मऊ गाभाच दिसत होता, गाठ कुठे आहे ते दिसत होतं, आणि रुग्णाला काही टोचावं लागलं नव्हतं. आठ वर्षांत, १९७९ मध्ये, हौन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं. हवा भरण्याची पद्धत बघता बघता नाहीशी झाली. बारकाव्यात हरलेल्या तंत्राने तिला हटवलं, कारण डॉक्टरांचा प्रश्न बारकाव्याचा नव्हताच.

मग आपला प्रश्न कोणता? जोडणीच्या नकाशाचा प्रत्येक प्रश्न सिनॅप्सच्या फटीपर्यंत जात नाही. एखाद्या भागातून निघालेले जाड धागे कुठवर पोहोचतात, गंधकेंद्रातल्या एका गुच्छातून कोणत्या पेशी बाहेर पडतात, रक्तवाहिन्यांच्या भोवती पेशींची मांडणी कशी आहे, आजारी मेंदूत ती कशी ढळते, या प्रश्नांची उत्तरं ४० काय, १०० नॅनोमीटरलाही मिळतात. आणि जिथे फटीपर्यंत जावंच लागतं, तिथे क्ष-किरणांनी आधी सगळा तुकडा पाहून नेमकी जागा हेरावी आणि मग तेवढाच भाग इलेक्ट्रॉनांखाली न्यावा. हे हवेतलं बोलणं नाही. उंदराच्या गंधकेंद्रावर असं काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं आहे: आधी जिवंतपणी पेशींची हालचाल (कोणती पेशी कधी संदेश देते ते) नोंदवली, मग त्याच ऊतीचं सिंक्रोट्रॉनमध्ये चित्र घेतलं, मग निवडक भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. उलट क्रमाने हे कधीच करता येणार नाही. आधी कापलेल्या ऊतीवर क्ष-किरणांना करायला काही उरत नाही. ‘क्ष-किरण की इलेक्ट्रॉन’ असा सामना लावणाऱ्या दोन्ही तटांनी या एका गोष्टीचा विचार केला असता तर निम्मं भांडण आपोआप मिटलं असतं.

शाबूत ठेवण्याचं मोल किती असू शकतं याचा दाखला मेंदूच्या बाहेरही आहे. इसवी सन ७९ मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हर्क्युलेनियम या गावातल्या ग्रंथालयातल्या पपायरसच्या गुंडाळ्या कोळसा झाल्या. अठराव्या शतकात त्या सापडल्या तेव्हापासून माणसांनी त्या उलगडायचा प्रयत्न केला, आणि पुष्कळ गुंडाळ्यांचा त्यात चुरा झाला. उलगडणाऱ्यांचा उत्साह खोटा नव्हता. पण ज्या गुंडाळ्या कुणी हात न लावता ठेवून दिल्या, त्यांचीच क्ष-किरण चित्रं ब्रिटनच्या डायमंड सिंक्रोट्रॉनमध्ये घेता आली, आणि २०२३-२४ मध्ये संगणकाच्या मदतीने न उलगडलेल्या गुंडाळीतले ग्रीक मजकुराचे स्तंभच्या स्तंभ वाचले गेले. त्या चित्रांत शाई डोळ्यांना जवळपास दिसतच नव्हती. चित्र घेणाऱ्यांनी ती कशी शोधायची हे माहीत नसताना चित्र घेऊन ठेवलं होतं, आणि वाचणारे नंतर आले. मेंदूच्या ऊतीबाबत आपण आज कोणत्या बाजूला आहोत? दुर्मीळ आजारात मृत्यू पावलेल्या माणसाच्या कुटुंबाने दान केलेला मेंदू एकाच प्रश्नासाठी चिरून संपवण्याचा अधिकार आपल्याला आहे का, जेव्हा तो आधी संपूर्ण पाहून ठेवण्याचा मार्ग उपलब्ध होतो आहे?

अर्थात इथेही दुसऱ्या बाजूचं ऐकायला हवं. जड धातूंनी रंगवून राळेत बसवलेल्या ऊतीला सगळेच प्रश्न विचारता येत नाहीत. कोणत्या पेशीत कोणतं प्रथिन आहे हे त्यातून कळणं अवघड. त्या कामासाठी ऊतीला रसायनाने फुगवून साध्या प्रकाशात पाहण्याची पद्धत पुढे येते आहे, आणि २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका गटाने तिच्या साहाय्याने सिनॅप्सपर्यंतची जोडणी आणि रेणू दोन्ही एकत्र दाखवले. ही बातमी क्ष-किरणांच्या विरोधात वापरली गेली. मला ती पोषक वाटते. तीन मार्गांच्या अंगी तीन वेगळे गुण असताना आज एकाला विजेता ठरवून बाकीच्यांचा पैसा तोडण्याची घाई कशाला?

आता सर्वांत भारी आक्षेपाकडे येतो, कारण त्याचा संबंध यंत्राशी नाही, नकाशाच्या उपयोगाशीच आहे. १९८६ मध्ये केंब्रिजच्या जॉन व्हाइट, सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी. एलिगन्स या कृमीच्या ३०२ चेतापेशींची जोडणी छापली. आज चाळीस वर्षं होत आली. तरी त्या कागदावरून कृमी पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की उजवीकडे, हे सांगता येत नाही. खेकडा आणि शेवंड यांच्या जठराचे स्नायू चालवणाऱ्या सुमारे तीस पेशींच्या जाळ्यावर ईव्ह मार्डर यांनी आयुष्य घालवलं, आणि दाखवलं की त्याच जोडणीतून, भोवतीची रसायनं बदलली की, वेगळ्याच लयी निघतात. तारा त्याच, सूर निराळे. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. जोडणीच्या नकाशावरून मन वाचता येईल असं सांगणारा माणूस एक तर मार्डर यांचं काम वाचलेला नाही, किंवा वाचूनही गप्प बसला आहे.

पण यातून ‘म्हणून नकाशा निरुपयोगी’ हे कसं निघतं? नकाशा पुरेसा नाही आणि नकाशा नको, या दोन विधानांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मार्डर यांनाही ‘जोडणी तीच’ असं म्हणता आलं ते जोडणी माहीत होती म्हणूनच. डोळ्यातल्या पडद्यावरच्या काही पेशी एका दिशेच्या हालचालीलाच प्रतिसाद देतात हे १९६० च्या दशकापासून ठाऊक होतं. त्यांना दिशा कशी कळते यावर पुष्कळ तर्क लढवले गेले. २०११ मध्ये ब्रिगमन, हेल्मश्टेटर आणि डेंक यांनी उंदराच्या पडद्याचा एक तुकडा आधी जिवंत असताना पाहिला, मग त्याच तुकड्याची जोडणी काढली, आणि दिशेचं गुपित कोणता धागा कोणत्या बाजूने येऊन भिडतो या असमानतेत आहे हे समोर ठेवलं. फळमाशीच्या मेंदूत दिशा सांगणारं पेशींचं वर्तुळ असावं अशी गणिती कल्पना जुनी होती. तसं वर्तुळ काम करताना २०१५ मध्ये दिसलं, आणि त्याचे दुवे कल्पनेशी जुळतात की नाही हे तपासता आलं ते पुढच्या काही वर्षांत माशीच्या मेंदूचा नकाशा हाती आल्यावर. प्रत्येक वेळी नकाशाने एकट्याने उत्तर दिलं नाही. पण दहा तर्कांतले नऊ बाद करण्याचं काम त्याच्याशिवाय झालं नसतं.

डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ मध्ये लिहिलं होतं की मेंदूच्या एका घन मिलिमीटरची अचूक जोडणी आणि त्यातल्या सगळ्या पेशींची हालचाल, असलं अशक्य काही मागण्यात अर्थ नाही. मायक्रॉन्सने ज्या तुकड्याचे काप घेतले, त्यातल्या सुमारे ७५,००० पेशींची हालचाल आधी नोंदवून ठेवली होती. अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट बऱ्याच अंशी करून झाली आहे, आणि आता क्रिक यांच्याच नावाच्या संस्थेतली माणसं तो घन मिलिमीटर न कापता पाहण्याच्या मागे आहेत. शक्याशक्यतेबद्दल बोलताना मोठी माणसंही चुकतात, एवढी तरी सावधगिरी दोन्ही तटांनी बाळगावी.

कृमीच्या आक्षेपात खरं तर क्ष-किरणांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा दडला आहे, आणि त्यांचे पुरस्कर्तेही तो पुरेसा मांडत नाहीत. कृमीचा १९८६ चा नकाशा मोजक्या कृमींचे भाग जोडून केलेला होता. २०२४ मध्ये पूर्ण झालेला प्रौढ फळमाशीचा नकाशा, सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि ५ कोटींहून अधिक सिनॅप्स, एका मादी माशीचा. मायक्रॉन्स एका उंदराचं. माणसाचा तो तुकडा एका रुग्णाचा. एकाच नमुन्यावरून कोणता दुवा त्या जातीचा आहे आणि कोणता त्या एका जिवाच्या अनुभवाचा, हे कसं ठरवणार? शिकण्याने जोडणीत काय बदलतं? ऑटिझम, स्किझोफ्रेनिया यांत जोडणी वेगळी असते असं आपण इतक्या सहज बोलतो, ते किती निरोगी आणि किती आजारी मेंदूंची तुलना करून? अशा तुलनेला दहा-वीस-पन्नास मेंदू लागतात, आणि एकेका घन मिलिमीटरसाठी वर्षानुवर्षं राबणाऱ्या पद्धतीने ते कधीच होणार नाही. थोड्या भरड पण झपाट्याने आणि न कापता काढलेल्या पन्नास नकाशांतून जे कळेल, ते एका निर्दोष नकाशातून कळणार नाही. ज्यांना रुग्णांच्या हिताची काळजी आहे आणि म्हणून जे या खर्चाला विरोध करतात, त्यांनी तर या मुद्द्यासाठी क्ष-किरणांच्या बाजूने उभं राहायला हवं.

पैशाबद्दल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये जोडणीच्या नकाशांसाठी पाच वर्षांचा १५ कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. पूर्ण उंदराच्या मेंदूला याच्या कैक पटींनी जास्त लागेल. हा पैसा इतर संशोधनातून येणार, ही भीती रास्त आहे. सिंक्रोट्रॉनची अडचण त्याहून नाजूक आहे: ही यंत्रं जगात मोजकी, त्यांच्या झोतासाठी प्रथिनांवर, बॅटरींवर, धातूंवर काम करणारे सगळेच रांगेत उभे असतात, आणि साधारणपणे एकेका गटाला काही दिवस मिळतात. मेंदूच्या कामाला महिनेच्या महिने लागतील. म्हणून केवळ मेंदूसाठी राखीव झोत उभारला पाहिजे. इतरांचे दिवस हिसकावून हे काम होऊ नये, आणि झालं तर त्याबद्दलचा राग योग्यच ठरेल.

चित्र काढण्यापेक्षा जास्त खर्च धागे शोधण्यात जातो, हेही लपवण्यात अर्थ नाही. माशीच्या नकाशात संगणकाने आखलेले धागे माणसांनी तपासले. त्या दुरुस्तीला एका माणसाची सुमारे ३३ वर्षं भरतील एवढे श्रम लागले, तेही खसखशीएवढ्या मेंदूसाठी. क्ष-किरणांच्या चित्रांत बारीक धागे मध्येच हरवतील आणि तपासणाऱ्यांचं काम वाढेल, असं टीकाकार म्हणतात. काही अंशी तसंच होईल. पण कापांच्या चित्रांत संगणकाची वाट जिथे हमखास चुकते ती जागा म्हणजे गहाळ, दुमडलेला, सरकलेला काप. क्ष-किरणांच्या चित्रात तिन्ही दिशांना बारकावा सारखा असतो आणि काप नसल्यामुळे ती चूक संभवतच नाही. नफा आणि तोटा यांतलं पारडं कुठे झुकेल ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि करून पाहायलाच तर पैसा हवा.

माझा राग आहे तो आपल्याच बाजूच्या अतिउत्साही लोकांवर. २०१३ मध्ये युरोपने दहा वर्षांसाठी ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट सुरू केला. त्याच्या प्रवर्तकांनी संगणकात मेंदू उभा करण्याची भाषा केली. वर्षभरात शेकडो मेंदूशास्त्रज्ञांनी त्याविरुद्ध जाहीर पत्रावर सह्या केल्या, नेतृत्व बदलावं लागलं, आणि २०२३ मध्ये प्रकल्प संपला तेव्हा उपयोगी साधनं, नकाशे मागे राहिले, पण ज्या वचनावर पैसा मागितला होता ते कुठेच नव्हतं. त्या कडवटपणाची किंमत आजही मेंदूवरच्या प्रत्येक मोठ्या प्रस्तावाला मोजावी लागते. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला तेव्हाही ‘अक्षरं वाचून काय कळणार’ असा विरोध झाला होता. २००३ मध्ये तो पूर्ण झाल्यावर रोग लगेच बरे झाले नाहीत, आणि ज्यांनी तसं सांगितलं होतं ते चुकले. तरीही आज जीवशास्त्रातली क्वचितच एखादी प्रयोगशाळा त्या संचाशिवाय दिवस काढू शकते. फरक कशामुळे पडला? तिथे माहिती तयार होताच सर्वांसाठी खुली केली गेली, आणि जीवाणू, यीस्ट, कृमी, माशी अशा पायऱ्यांनी काम वर चढत गेलं. प्रत्येक पायरीवर हाती काही ना काही लागत होतं, पुढची पायरी चुकली तरी मागची वाया जात नव्हती.

क्ष-किरणांच्या कामालाही याच अटी घालाव्यात. चित्रं खुली हवीत, जुना नमुना जपून ठेवण्याची जबाबदारी हवी, आणि मानवी मेंदूच्या ८,६०० कोटी पेशींचं नाव घेण्याआधी छोट्या पायऱ्या हव्यात. पहिली पायरी तर आजच ठरवता येईल. उंदराच्या मेंदूचा एक तुकडा घ्यावा, सिंक्रोट्रॉनमध्ये त्याची जोडणी काढावी आणि ती जाहीर करून टाकावी. मग तोच तुकडा दुसऱ्या, स्वतंत्र गटाने कापून इलेक्ट्रॉनांखाली तपासावा, आणि क्ष-किरणांनी सांगितलेले किती दुवे खरे निघाले, किती सुटले, किती नसलेले दिसले, ते मोजावं. किती नॅनोमीटर दिसलं यापेक्षा हे तीन आकडे महत्त्वाचे आहेत. पुढच्या पायरीचा पैसा त्यांच्यावर ठरू द्यावा, मग ते आकडे माझ्या बाजूचे असोत वा नसोत.